छातीच्या फोटोवर संशोधन करायचंय? आधी सहा फूट मोजा

प्रबंधाचा विषय ठरवायचे दिवस आले की पीजीच्या मुलामुलींना छातीचा एक्स-रे सगळ्यांत सोपा वाटतो. इकोला (हृदयाच्या सोनोग्राफीला) नंबर लावावा लागतो, सीटी स्कॅनला पैसे पडतात. फोटो मात्र छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईला, नांदेडला, लातूरला दिवसभर निघतच असतात. संगणकात पडलेले फोटो गोळा करायचे, सीटी रेशो (कार्डिओथोरॅसिक रेशो, म्हणजे छातीच्या मानाने हृदयाची रुंदी; सीटी स्कॅनशी संबंध नाही) काढायचा, इकोच्या आकड्याशी ताडायचा आणि नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाला सिनॉप्सिस पाठवायचा. हल्ली त्यात एआय आलंय, म्हणजे तेच फोटो मशीनला शिकवायला द्यायचे. यात वावगं काही नाही. फक्त फोटोत दिसतं त्यातलं किती पेशंटचं आणि किती एक्स-रेच्या खोलीचं, हे वेगळं काढता आलं पाहिजे. ते न काढता केलेलं काम तक्त्यात देखणं दिसतं आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या मशीनवर नेलं की आपटतं.

सीटी रेशोच घ्या. मणक्याच्या मध्यरेषेपासून हृदयाची उजवी कड जास्तीत जास्त किती लांब, डावी किती लांब, दोन्हींची बेरीज. भागिले बरगड्यांच्या आतल्या कडांमधली छातीची सर्वांत जास्त रुंदी. मोठ्या माणसात ०.५० च्या वर गेलं की हृदय मोठं. हे १९१९ पासून चालत आलेलं माप आहे आणि ते उभ्या पेशंटच्या पीए फोटोसाठी आहे. पीए म्हणजे छाती पॅनेलला (फोटो टिपणाऱ्या पाटीला) टेकलेली, किरण पाठीतून येतात, ते सोडणारी ट्यूब १८० सेंटिमीटरवर. जुने टेक्निशियन याला नुसतं ‘सहा फूट’ म्हणतात.

आता हिशोब करून बघा. हृदयाची खरी रुंदी १२ सेंटिमीटर धरू, छातीची २८. छातीची जाडी २४ सेंटिमीटर, हृदय पुढच्या बाजूला, म्हणजे पीएमध्ये ते पॅनेलपासून ८ सेंटिमीटरवर. सावली किती पट मोठी होते ते १८० भागिले १७२, म्हणजे १.०५. हृदय १२.६ दिसेल. छातीची रुंदी मधल्या जाडीवर, १२ सेंटिमीटरवर धरली तर ३०. रेशो ०.४२. याच माणसाला धाप लागलीय म्हणून खाटेवर झोपवून एपी काढला, म्हणजे पाठ पॅनेलवर आणि किरण छातीतून, ट्यूब १०० सेंटिमीटरवर. आता हृदय पॅनेलपासून १६ सेंटिमीटर लांब. १०० भागिले ८४ म्हणजे १.१९ पट. हृदय १४.३, छाती ३१.८, रेशो ०.४५. पेशंट तोच, हृदय तेच. पीएमध्ये ज्याचा रेशो ०.४७ आहे तो याच भूमितीने एपीमध्ये ०.५० ओलांडतो. शिवाय झोपल्यामुळे डायफ्रॅम (छाती-पोटामधला पडदा) वर सरकतो आणि हृदय आडवं होतं, ते वेगळंच.

आता मुद्दा असा की एपी फोटो कुणाचे निघतात? जे उभे राहू शकत नाहीत त्यांचे, म्हणजे जास्त आजारी माणसांचे. आपल्या तक्त्यात ‘हृदय मोठं असलेल्या पेशंटमध्ये मृत्यू जास्त’ असं निघालं, तर त्यातला किती भाग हृदयाचा आणि किती खाटेचा? पीए आणि एपी एका रकान्यात घातले की हा गुंता पुन्हा सुटत नाही. संगणकातल्या नोंदीवरही विसंबू नका. कन्सोलवर ‘पीए’ आधीपासून निवडलेलं असतं आणि गर्दीत ते कुणी बदलत नाही. फोटो बघून ठरवायचं: फऱ्याची हाडं फुफ्फुसावर आलीत का (आली असतील तर बहुधा एपी), डाव्या डायफ्रॅमखालच्या जठराच्या हवेला सपाट पाण्याची रेघ आहे का. रेघ असेल तर पेशंट उभा किंवा बसलेला होता, हे पक्कं.

खोलीतल्या बाकीच्या गोष्टींत सर्वांत जास्त घात श्वास करतो. दवाखान्यात येणाऱ्या माणसाला स्टेथोस्कोप लावणाऱ्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं ‘श्वास घ्या, सोडा’ शिकवलेलं असतं. त्यामुळे ‘मोठा श्वास घ्या’ म्हटलं की मावशी श्वास घेतात आणि आपणहून सोडूनही देतात. बटण नेमकं तेव्हा दाबलं जातं. अर्धवट श्वासातल्या फोटोत हृदय रुंद दिसतं आणि फुफ्फुसांचे दोन्ही तळ धुरकट. न्यूमोनिया नाही, पाणी नाही, नुसती रिकामी छाती. यावर उपाय दोन मिनिटांचा आहे. पॅनेलला लावण्याआधी दोनदा सराव करून घ्या: ‘खोल दम भरा… आता तोंड मिटा, दम रोखून धरा, मी सांगेपर्यंत सोडू नका.’ खांदे वर न जाता पोट-छाती फुगली की एक्सपोजर. नांदेड-हिंगोलीच्या तांड्यांवरून आलेल्या म्हाताऱ्या माणसांना हेच गोरमाटीत (बंजारा बोलीत) आणि जुन्या शहरातल्या खालांना दखनीत सांगणारं कुणी जवळ असेल तर फोटो परत काढावा लागत नाही. फोटोत तपासायचं ते असं: उजव्या डायफ्रॅमच्या वर मागच्या ९ ते १० बरगड्या किंवा पुढच्या ५ ते ६ मोजता आल्या पाहिजेत. संख्या प्रत्येक फोटोला रजिस्टरमध्ये लिहा. ‘श्वास पुरेसा’ असं लिहू नका, आकडा लिहा.

नंतर पेशंट वळलाय का ते बघायचं. दोन्ही कॉलरबोनची आतली टोकं मणक्याच्या मधल्या टोकापासून सारख्या अंतरावर हवीत. वळला असेल तर एक फुफ्फुस काळं, दुसरं पांढुरकं दिसतं आणि हृदयाची एक कड उगीच बाहेर येते. किती फरक चालवायचा ते फोटो गोळा करायच्या आधी प्रोटोकॉलमध्ये लिहून टाका. निकाल बघितल्यावर ठरवलेला नियम म्हणजे नियम नव्हे.

आणि वेणी. हसू येईल, पण मानेवरून पाठीवर आलेल्या जाड वेणीची सावली फुफ्फुसाच्या वरच्या टोकावर पडते, आणि टीबीची आवडती जागाही तीच. तेल लावलेली घट्ट वेणी तर सुरेख पांढरी उमटते. केस वर बांधून घ्या. मंगळसूत्र, काळ्या दोऱ्यातला ताईत, ब्लाउजचे हूक, सदऱ्याच्या खिशातला तंबाखूचा पत्र्याचा डबा हे सगळं बाजूला. मंगळसूत्र उतरवायला नको म्हणतात तिथे वाद घालू नये; ते वर हनुवटीपाशी घेऊन दातात धरायला सांगितलं तर छाती मोकळी राहते. खालच्या भागात दोन्हीकडे सारखी गोल सावली दिसली तर ती गाठ समजण्याआधी स्तनाग्रांवर छोटी धातूची खूण लावून फोटो परत काढतात.

डिजिटल आल्यापासून एक्सपोजरची चूक लपायला लागली. फिल्मच्या काळात कमी एक्सपोजरचा फोटो पांढरा पडायचा, सगळ्यांना कळायचं. आता सॉफ्टवेअर उजेड सावरून घेतं. फोटो पांढरा न होता दाणेदार होतो. मिलिअरी टीबीचे (फुफ्फुसभर बारीक दाण्यांसारखा पसरणाऱ्या टीबीचे) ठिपके १ ते ३ मिलिमीटरचे असतात, त्या दाण्यांत ते बुडतात. ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) असेल तर ट्यूबला १०० ते १२० केव्ही, ग्रिडशिवायच्या छोट्या यंत्रावर ७० च्या आसपास, अशी सर्वसाधारण पद्धत. उन्हाळ्यात दुपारी लाइनचा व्होल्टेज पडतो तेव्हा कन्सोलवर लावलेला आकडा आणि ट्यूबला मिळणारा आकडा यांत फरक पडू शकतो. म्हणून फोटोबरोबर एक्सपोजर इंडेक्सही (पॅनेलला किती किरण मिळाले तो आकडा) नोंदवा, आणि सकाळ-दुपार असा एक रकाना ठेवा. एप्रिल-मे मध्ये पॅनेल तापल्यावर आडव्या-उभ्या पट्ट्या यायला लागल्या तर ती कॅलिब्रेशनची वेळ झाली. त्या पट्ट्या घेऊन मशीन शिकलं तर ते उन्हाळा ओळखायला शिकेल.

फोटो साठवायचा तो डायकॉममध्येच, म्हणजे वैद्यकीय फोटोंच्या मूळ फाइलीतच. मूळ फोटोत साधारण १२ बिट, म्हणजे ४०९६ छटा असतात. जेपेगमध्ये उरतात २५६. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो त्याहून दाबलेला. निदानाचा सल्ला विचारायला तो चालेलही, संशोधनाला नाही. व्ह्यू बॉक्सवर लावलेल्या फिल्मचा मोबाइलने काढलेला फोटो तर तिरका, ट्यूबलाइटची चमक पडलेला. त्यावर सीटी रेशो मोजणं म्हणजे पाण्यातली काठी मोजणं. डायकॉममध्येही दोन खड्डे आहेत. काही मशीन उलट्या छटा साठवतात, त्यात हवा पांढरी आणि हाड काळं. मोनोक्रोम-१ आणि मोनोक्रोम-२ ही नोंद न वाचता सगळे फोटो एकत्र केले की निम्मे निगेटिव्ह निघायचे. दुसरा खड्डा मिलिमीटरचा: पॅनेलवरच्या पिक्सेलचं माप आणि शरीरातलं माप एक नव्हे, वर काढलेली ती १.०५ पट मध्ये असते. पीएमधल्या रेशोला याने फारसा फरक पडत नाही, पण ‘उजवी उतरती पल्मनरी धमनी पुरुषात १६ मिलिमीटरपेक्षा जाड’ असलं काही मोजत असाल तर पडतो.

पेशंटचं नाव काढून टाकणं हे टॅगमधून (फाइलीतल्या माहितीच्या रकान्यांतून) नाव पुसण्याइतकं सोपं नाही. पुष्कळ ठिकाणी नाव, वय आणि नोंदणी क्रमांक फोटोच्या कोपऱ्यातच छापलेला असतो. तो पिक्सेलमधून काळा करावा लागतो. कंपनीचे खासगी टॅग वेगळे असतात, त्यांत नाव दडलेलं सापडतं. ‘२३ वर्षं, स्त्री, अमुक गाव, मायट्रल स्टेनोसिस (हृदयाची झडप आकसणं)’ एवढं लिहिलं तर छोट्या गावात नावाची गरजच उरत नाही, म्हणून गावाऐवजी जिल्हा लिहा. तारखा काढून टाकू नका, नाहीतर आधीचा-नंतरचा फोटो कळणार नाही. प्रत्येक पेशंटच्या सगळ्या तारखा एकाच आकड्याने मागे-पुढे सरकवा. कुणाच्या तारखा किती सरकवल्या याची यादी, म्हणजे चावी, वेगळ्या संगणकात.

फोटो जमले. आता प्रत्येकावर आजाराचं नाव, म्हणजे लेबल, काय लिहायचं? माझ्या मते संशोधनाचा खरा कस इथे लागतो, आणि सर्वांत घाईही इथेच होते. जगभर वापरला जाणारा २०१७ चा चेस्ट एक्स-रे-१४ हा संच घ्या: ३०,८०५ पेशंटचे १,१२,१२० फोटो. त्यांवरची आजारांची नावं कुणी फोटो बघून दिलेली नाहीत, रिपोर्टच्या मजकुरातून संगणकाने उचललेली आहेत. त्यातल्या न्यूमोथोरॅक्सच्या (फुफ्फुसाबाहेर छातीत हवा साचण्याच्या) पुष्कळ फोटोंत छातीत नळी आधीच घातलेली आहे. म्हणजे मशीन न्यूमोथोरॅक्स शोधतंय की नळी? २०१८ मध्ये अमेरिकेत झेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की न्यूमोनिया ओळखायला शिकवलेलं मशीन फोटो कुठल्या हॉस्पिटलचा आहे हे जवळजवळ अचूक ओळखत होतं आणि त्याच्या जोरावर उत्तरं देत होतं. कोपऱ्यातली शिशाची ‘एल’ खूण प्रत्येक ठिकाणी वेगळ्या आकाराची असते. आपल्याकडे टीबीचे फोटो एका दवाखान्यातून आणि निरोगी फोटो दुसरीकडच्या मेडिकल फिटनेसच्या तपासणीतून आणले की हेच होणार.

टीबीच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट हवी: फोटो टीबी सांगत नाही, फोटो ‘थुंकी तपासा’ एवढंच सांगतो. म्हणून लेबल सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या थुंकीतले टीबीचे जंतू शोधणाऱ्या तपासण्यांच्या निकालावरून यावं, ‘टीबीच्या गोळ्या चालू’ या नोंदीवरून नाही. का, ते मायट्रल स्टेनोसिसवरून कळेल. लहानपणी घसा-सांधे धरून गेलेल्या संधिवाती तापाने झडप आकसते, डावं वरचं कप्पं फुगतं, दाब मागे फुफ्फुसात साचतो. पंचविशीतली बाई येते ती धाप, खोकला आणि खोकल्यातून रक्त घेऊन. आपल्या भागात रक्त म्हटलं की पहिला संशय टीबीचा, आणि तो चूकही नाही. फोटोत भर म्हणून मधल्या-खालच्या भागात बारीक ठिपके. वारंवारच्या रक्तस्रावाने साचलेल्या लोहाचे हे ठिपके मिलिअरी टीबीसारखेच दिसतात. थुंकी निगेटिव्ह, तरी गोळ्या चालू. अशा पेशंटचा फोटो ‘टीबी’ म्हणून संचात गेला की मशीनही तीच चूक पाठ करणार.

फोटोत झडपेच्या खुणा असतात, शोधल्या तर. हृदयाची डावी कड आत वळायची ती सरळ होते. उजव्या कडेच्या आत दुसरी कड दिसते, ते फुगलेलं डावं वरचं कप्पं. श्वासनलिका जिथे दुभंगते तिथला कोन ९० अंशांच्या पुढे रुंदावतो, डावी शाखा वर उचललेली. वरच्या भागातल्या रक्तवाहिन्या खालच्यांपेक्षा जाड. तळाशी, बरगड्यांना चिकटून आडव्या १ ते २ सेंटिमीटरच्या बारीक रेघा, त्या कर्ली बी. आणि गंमत अशी की सीटी रेशो या सगळ्यात पुष्कळदा ०.५० च्या आतच असतो, कारण डावं खालचं मोठं कप्पं इथे फुगत नाही.

रेशो दमेकऱ्यांतही फसवतो. तीस-चाळीस वर्षं पऱ्हाट्या आणि तुराट्यांच्या चुलीपुढे बसलेल्या बाईची फुफ्फुसं फुगतात, डायफ्रॅम सपाट होतो, हृदय लोंबून नळीसारखं अरुंद दिसतं. उजवी बाजू खरोखर मोठी झालेली असली तरी आकडा नॉर्मल. जिनिंगमधल्या कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसमध्ये तर, सुट्टीनंतर कामावर आल्या दिवशी छाती आवळते तरी फोटो बहुधा स्वच्छच असतो. तिथे एक्स-रेवर प्रबंध घेऊच नका, श्वास मोजणारा स्पायरोमीटर घ्या. खडी केंद्रावरच्या दगडाच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिसचं उलट, फोटो भरपूर बोलतो, पण त्यात टीबी मिसळलेला असण्याची शक्यता कायम धरावी लागते.

वाचणारे दोघे हवेत, एकमेकांचं न बघता, आणि मतभेद असेल तिथे तिसरा. दोघांचं किती जुळलं ते नुसत्या टक्क्यांत देऊ नका. १०० फोटो, दोघांनी नॉर्मल म्हटले ८६, दोघांनी बिघडलेले म्हटले ४, आणि ५-५ मध्ये मतभेद. जुळणी ९० टक्के, ऐकायला झकास. पण प्रत्येकाने ९१ नॉर्मल म्हटलेत. डोळे मिटून सांगितलं असतं तरी ८३.६ टक्के जुळलं असतं. योगायोगाची जुळणी वजा करणारा कॅपा काढला (१ म्हणजे पूर्ण एकमत) तर ०.३९ येतो. म्हणजे बिघडलेला फोटो कोणता यावर दोघांचं फारसं एकमत नाही.

इकोशी ताडताना वेळेचं भान ठेवा. धाप लागलेल्याला लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं औषध) दिल्यावर एक-दोन दिवसांत फुफ्फुसातलं पाणी उतरतं. फोटो सोमवारचा, इको शुक्रवारचा, तर आपण दोन वेगळी माणसं ताडतोय. २४ तासांच्या आत दोन्ही, आणि मधे दिलेल्या औषधाची नोंद. इकोचं यंत्र उचलून वाडी-तांड्यावर शाळकरी मुलांची हृदयं तपासायला न्यायचा बेत असेल तर आधी पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा वाचा. तपासणी हृदयाची असली तरी यंत्र सोनोग्राफीचं. नोंदणीकृत जागेबाहेर किंवा नियमात बसणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाशिवाय ते नेता येत नाही. बीड जिल्ह्यात हा कायदा का कडक झाला ते नव्याने सांगायला नको. हातात धरायच्या एक्स-रे यंत्रालाही एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळाचा) परवाना लागतो. पेशंटच्या डोसची धास्ती मात्र नको: पीए फोटोचे सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून तीन दिवसांत मिळतं तेवढं.

एआयच्या आकड्यांकडे बघताना एक बेरीज नेहमी करावी. डब्ल्यूएचओने टीबीच्या चाळणी चाचणीसाठी किमान अपेक्षा ठेवलीय ती ९० टक्के संवेदनशीलता (आजाऱ्याला पकडणं) आणि ७० टक्के विशिष्टता (निरोग्याला सोडणं). गावात १००० जणांचे फोटो काढले, त्यात टीबी १० जणांना धरू. मशीन ९ पकडेल. पण निरोगी ९९० पैकी २९७ जणांनाही ‘संशयित’ म्हणेल. ३०६ थुंक्या तपासल्या तेव्हा ९ सापडले. तेच मशीन छातीच्या ओपीडीत लावा, जिथे हजारात २०० टीबीचे आहेत: १८० पकडले, २४० नाहक. त्याच मशीनचं वजन जागा बदलली की बदलतं, म्हणून ओपीडीत मोजलेला आकडा शिबिराच्या प्रस्तावात चिकटवू नये. तरी फोटो काढायचाच का? काढायचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय टीबी सर्वेक्षणात फोटो नसता तर ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते, कारण त्यांना सांगण्यासारखी लक्षणंच नव्हती. डब्ल्यूएचओने २०२१ मध्ये फोटो वाचायला एआयला मान्यता दिली तीही १५ वर्षं आणि पुढच्यांसाठी. लहान मुलांच्या फोटोवर तेच सॉफ्टवेअर चालवू नका.

नमुना किती? ९० टक्के संवेदनशीलता ५ टक्के इकडे-तिकडे मोजायची तर १३९ खरे टीबीचे पेशंट लागतात. ओपीडीत दर दहात एक असेल तर एकूण १३९०. शिकवायचे आणि तपासायचे फोटो वेगळे करताना पेशंटनुसार करा, फोटोनुसार नाही. एकाच माणसाचा पहिला फोटो शिकवणीत आणि दुसरा परीक्षेत गेला तर मशीन त्याच्या बरगड्या ओळखून पास होतं. शिकवताना फोटो डावी-उजवीकडे उलटवायची सोय सॉफ्टवेअरमध्ये आपोआप चालू असते. हृदयाच्या कामात ती बंद करा, नाहीतर अर्ध्या लोकांचं हृदय उजवीकडे.

सहा महिन्यांच्या उपचारात ०, २ आणि ६ महिन्यांना फोटो घ्यायचे असतील तर पंचांगाआधी ऊसतोड मुकादमाचं वेळापत्रक बघा. बीड, धारूर, केज, पाटोद्याकडचे कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, दसरा-दिवाळीला उचल घेऊन सांगली-कोल्हापूर, कर्नाटकाकडे जातात. ऑगस्ट-सप्टेंबरात नोंदवलेला पेशंट दुसऱ्या फोटोला सापडणार नाही, आणि जे सापडतील ते घरी राहिलेले, म्हणजे जास्त आजारी किंवा जास्त म्हातारे. बाहेर कुणी फोटो काढून दिलाच तर तो दुसऱ्या मशीनचा, दुसऱ्या अंतराचा. नोंदणी कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, एप्रिलमध्ये सुरू करा आणि महिनाभरात उरका. दुसरा फोटो जूनमध्ये पेरणीच्या घाईत येतो, त्यासाठी बाजाराचा वार निवडा. तिसरा ऑक्टोबरात, गाड्या भरायच्या आत. निक्षयचा (सरकारी टीबी नोंदणीचा) क्रमांक आणि घरी राहणाऱ्या सासू-सासऱ्यांचा मोबाइल नंबर पहिल्याच दिवशी चावीच्या फाइलीत लिहून ठेवा. पेशंटचा नंबर हंगामात बहुधा बदलतो.